गाडीचे गुडघे

आये,

परवाच्या रविवारी सकाळी मी आपल्या गणपतीचा पाट माळ्यावरून काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवला. सीट मागं कलती असते म्हणून खाली गोधडीची घडी सारली. गोधडीवर चुंबळ, चुंबळीवर पाट आणि पाटावर पाण्याचा तांब्या. चुंबळ तुझ्या सुनेच्या जुन्या साडीची. ती वळायला मला तीनदा उलगडावी लागली. तू बोलता बोलता एका हातानं वळायचीस. तांब्या काठोकाठ भरायचं धाडस झालं नाही, गळ्यापर्यंत भरला. देवाच्या पाटावर असलं काही करतोय म्हणून आधी पाटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि मनात म्हटलं, हा खेळ नाही, तुला माहीत आहे. हे देवाला म्हटलं की तुला, ते माझं मलाही नीट कळलं नाही.

माझ्याकडे गाडी आहे हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी फिरवायचो ती सायकलसुद्धा दुसऱ्याची होती. आता मी रोह्याला राहतो, कंपनीत शिफ्टला जातो, पन्नाशीला टेकलोय. तुझी सून तू पाहिली नाहीस. खरं सांगायचं आहे ते तिच्याबद्दल, पण त्याआधी गाडीचं सांगावं लागेल, आणि गाडीचं सांगायचं तर तुझ्या डोक्यावरच्या गणपतीपासून सुरुवात करावी लागेल.

मी चौथीत होतो. बाबांच्या पायाची जखम मिठागराच्या खाऱ्या पाण्यानं चिघळली होती आणि ते खाटेवर पडून होते. गणपती आणायला दर वर्षी तेच जायचे. त्या वर्षी तू कमरेला पदर खोचलास आणि म्हणालीस, मी जाते. शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडली होती, "बाईमानूस गनपती आननार व्हय गो?" तू चालता चालताच म्हणालीस, "मग काय, तो सोताच्या पायानं येनार हाय?" म्हातारी हसली आणि तिनंच मला तुझ्यामागं पिटाळलं, एकटी नको जाऊ म्हणून.

पेणच्या कारखान्यात आपला पाट महिनाभर आधी पोचवलेला होता आणि त्याच पाटावर आपली मूर्ती तयार बसली होती. बाहेर एक टेम्पो उभा होता, खाडीकडच्या गावांचे गणपती भरून निघालेला. टेम्पोवाला म्हणाला, "वयनी, चढ. बांधापर्यंत सोडतो." माझा एक पाय टेम्पोच्या फळीवर गेलासुद्धा होता. तू आत डोकावलीस, तळाच्या पत्र्यावर हात ठेवून बघितलंस आणि म्हणालीस, "नको रं दादा. तुज्या गाडीला गुडघं नायत. देव नाचंल." मग चपला काढून माझ्या हातात दिल्यास, चुंबळ वळलीस, देवाच्या तोंडावर रुमाल टाकलास आणि पाट डोक्यावर घेतलास.

ती वाट मला अजून दिसते. पेण मागं पडलंय, डांबर संपलंय, खारभूमीचा बांध सुरू झालाय. पाऊस नुकताच थांबलाय आणि बांधावरची माती लोण्यासारखी झालीय. मी तुझ्या मागं, दोन्ही हातांत तुझ्या चपला. कमरेच्या खाली तू चाचपडतेस, पाऊल टाकतेस, गुडघा वाकवतेस, टाच रोवतेस, एखादा पाय अर्धा हात घसरतो आणि तिथंच थांबतो. कमरेच्या वर मात्र काहीच घडत नाही. मी देवाच्या मुकुटाच्या टोकाकडे बघत चाललोय. त्या टोकामागून ढग सरकतात, बगळे सरकतात, लांबची मिठाची रास सरकते, पण टोक जागेवर आहे. तेव्हा मला वाटलं, तू चालत नाहीसच, देव जागेवर बसलाय आणि तू त्याच्याखालून जमीन मागं ढकलतेयस. नंतर पुष्कळ देवळं पाहिली, आये, मोठमोठ्या पूजा पाहिल्या. तसा अंगावर काटा पुन्हा आला नाही. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत आला नव्हता.

आता गाडी. सात वर्षांपूर्वी जुनी घेतली, लहानशी. आमच्याकडच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं. गेल्या वर्षी कंपनीतल्या एका मित्रानं सल्ला दिला, मोठी रिम टाक, कडक स्प्रिंग टाक, गाडी चार बोटं वर उठेल. नवं घेण्याची ऐपत नव्हती. पनवेलच्या बाजूला भंगारात मोडलेल्या गाड्यांचे भाग मिळतात, तिथून एका जड गाडीच्या स्प्रिंगा आणल्या आणि चकचकीत मोठ्या रिमा आणल्या, पातळ टायरांसकट. स्वस्तात मिळालं म्हणून मी खूश. गाडी खरंच उंच झाली. आळीतली माणसं थांबून बघायची. तुझी सून दारात उभी राहून म्हणाली, "झालं समाधान? गाडीला पैंजण घातलेत, आता नाचवा तिला." मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं. हे वाक्य लक्षात ठेव, आये, कारण पुढचं सगळं या वाक्यामुळं झालं.

त्या गाडीतून आम्ही पेणहून गणपती आणला. रोह्याला आलो तरी मूर्ती त्याच कारखान्यातली, पाट तोच. ती मागं बसलेली, पाट मांडीवर, दोन्ही हात पाटाला. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. भिसे खिंड ओलांडून रोह्याच्या बाजूला उतरताना एका वळणावर खड्डा होता, फार मोठा नव्हे, घमेलंभर. गाडी त्यात गेली आणि मागं टक्कन आवाज झाला. ती म्हणाली, "काय वाजलं हो?" मी म्हटलं, "दगड उडाला असेल."

घरी तिनं दारात पाण्यानं आणि भाकरीच्या तुकड्यानं ओवाळलं. मूर्ती मी आत नेली, मखरात ठेवली आणि रुमाल काढला. आशीर्वादाच्या हाताचं मनगट केसाएवढ्या रेघेनं चिरलं होतं आणि करंगळी पाटावर पडली होती. प्राणप्रतिष्ठा दुसऱ्या दिवशी होती. तेव्हाच बोललो असतो तर गुरुजींना विचारता आलं असतं, कारखान्यातून दुसरी मूर्ती आणता आली असती. पण मग खड्डा निघाला असता, स्प्रिंग निघाली असती, पैंजण निघाले असते. ती स्वयंपाकघरात होती. मी डिंकानं करंगळी चिकटवली, मनगटाच्या चिरेवर गंधाचा लेप दिला आणि वर दूर्वांची जुडी अशी ठेवली की काही दिसू नये. पाच दिवस त्या हाताकडे बघून आरती म्हटली.

विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि दूर्वा काढताना तिला ते दिसलं. तिनं चिरेवरचं गंध बोटानं पुसलं. मग हळूच म्हणाली, "माझ्याच मांडीवर होता. पेंग आली होती मला नागोठण्यानंतर. माझाच हात हलला." आणि मी, आये, मी पाट उचलला आणि म्हटलं, चल, उशीर होतोय.

तेव्हापासून तिनं संकष्टी धरली, अळणी. दिवसभर मिठाचा कण नाही, चंद्रोदयाला जेवायचं तेही अळणी. कशासाठी ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. माझ्या पानात ती मीठ वाढायची, डावीकडे, नीट, आणि आपलं पान कोरडं घेऊन समोर बसायची. अशा अकरा चतुर्थ्या झाल्या. मिठागरात हयात घालवलेल्या बाईची सून अळणी भात गिळतेय आणि त्या बाईचा लेक समोर बसून जेवतोय. यात मी तुझ्या तोंडाकडे कसं बघणार होतो?

तुला तो स्वयंपाकघरातला दिवस आठवतो? मी सहा-सात वर्षांचा असेन. घडवंचीवरचा हंडा माझ्या धक्क्यानं कलंडला, सारवलेल्या जमिनीवर पाणी झालं, मी घाबरून त्यावर गोणपाट टाकलं आणि अंगणात जाऊन बसलो. तू चुलीवरून पेजेचं भांडं उतरवून वळलीस आणि गोणपाटावरून घसरलीस. पेज हातावर सांडली. तुझ्या हातून काही सांडलेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं. मला वाटलं, आता मार बसणार. तू हात माठात बुडवून बसलीस आणि मला जवळ बोलावलंस. "पानी सांडलं त्याचा मला राग नाय," म्हणालीस. "सांडलं तर सांडलं म्हनून सांगायचं. झाकून ठेवलंस म्हंजे दुसरं कोन तरी त्याच्यावरून घसरतं." तुझ्या मनगटावर तो डाग शेवटपर्यंत होता. मूर्तीच्या मनगटावर गंध लावताना मला तो दिसला नसेल असं समजू नकोस.

या वर्षी ज्येष्ठ सरला तेव्हा मी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. कोलाडच्या रस्त्याला त्याची शेड आहे, माणूस सत्तरीचा, तोंडानं फटकळ. त्यानं गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर तळवा ठेवून जोर दिला. गाडी हलली नाही. "ह्ये कोनी सांगितलं टाकाया?" मी म्हटलं, कंपनीतल्या मित्रानं, आणि आम्ही दोघं हिच्यातूनच गणपती आणतो तेही सांगितलं. "तो काय विटा वाहतो? ही जड गाडीची स्प्रिंग हाय. सात-आठ मानसं बसली म्हंजे वाकंल. तुमी दोघं आन् एक गनपती. हिला कळलंच नाय का कोन बसलंय." मग चाकाला पायानं ढोसलं. "आन् रिम मोठी केलीस म्हंजे रबर कमी केलंस. खड्डा पयला रबरानं खायचा असतो. वर हे एवढं जड चाक. पायात गमबूट घालून नाचतंय का कोन?" मला तुझ्या चपला आठवल्या, माझ्या हातातल्या.

पैसे फार नव्हते. मोठ्या रिमा त्याच मित्राला दिल्या, त्याला अजून हौस आहे. मिस्त्रीनं अपघातात पुढून चेपलेली, माझ्यासारखीच एक गाडी शोधून काढली. तिचा मागचा भाग कोरा होता. तिच्या साध्या लोखंडी रिमा घेतल्या, त्यावर जाड पोटाचे टायर. मागच्या दोन स्प्रिंगाही तिच्याच. माझ्या मूळच्या स्प्रिंगा मी जपून ठेवल्या होत्या, त्यातली एक अजून सरळ होती, म्हणून म्हटलं, एकच बदलू. मिस्त्री म्हणाला, "जोडीनं बदलायची असती. एक ताठ आन् एक दमलेली, मग गाडी लंगडती." पुढच्या दोन स्प्रिंगा तेवढ्या तालुक्याच्या दुकानातून नव्या आणल्या. चार रविवार मी त्याच्या हाताखाली काम केलं, मजुरी वाचवायला, आणि खरं म्हणजे मला बघायचं होतं.

आणि बघितलं, आये. पुढची स्प्रिंग काढताना ती दोन लोखंडी आकड्यांत धरून स्क्रूनं आवळत नेतात. वेढे जवळ जवळ येत जातात, एकमेकांना टेकतील इतके. मी वाकून बघत होतो. मिस्त्रीनं माझ्या छातीला हात लावून मला बाजूला केलं. "समोर नाय उभं ऱ्हायचं. गप बसलीय म्हनून गरीब समजू नको. आख्खी गाडी दाबून धरलीय तिनं." मी बघत राहिलो. सळईच ती, बोटाएवढी जाड, गोल वळवलेली. तिच्यात ना यंत्र, ना तेल, ना वीज. तीच सळई सरळ असती तर वाकून राहिली असती. वेढे देऊन घडवली म्हणून वाकते आणि परत येते, हजार वेळा, लाख वेळा, कुणाला न सांगता. लोखंडाला हे कुणी शिकवलं? शेवटच्या रविवारी गाडीखाली टेकूला लावलेल्या घोड्या काढल्या, जॅक हळूहळू उतरवला आणि गाडी चार पायांवर बसली. बसताना ती थोडी खाली गेली, थोडी वर आली आणि स्थिर झाली. अगदी तू मिठानं भरलेली पाटी डोक्यावर घेऊन उठताना व्हायचीस तशी. मी त्या शेडमध्ये, हाताला ग्रीस लागलेलं असताना, तिला नमस्कार केला. मिस्त्री म्हणाला, "पयला ब्रेक बघ, मंग पाया पड."

गाडीला गुडघे असतात, आये. तुझं चुकलं होतं असं म्हणत नाही. त्या टेम्पोच्या स्प्रिंगांचे पाटे गंजून एक झाले असतील, तू पत्र्यावर हात ठेवूनच ओळखलं असशील. पण असतात. मी ते ताठ करून टाकले होते आणि त्याला सुधारणा म्हणत होतो.

तर परवाचा रविवार. ती बाहेर आली, म्हणाली, "पाट द्यायला पेणला जायचंय ना? मग हा तांब्या कशाला?" मी म्हटलं, "बस तर खरी." ती मागं, पाटाशेजारी बसली. रोहा सोडलं, चढ लागला. हात तिचा आपोआप तांब्याकडे जायचा आणि मी आरशातून बघत म्हणायचो, "धरू नकोस." "अहो, सांडेल." "सांडू दे. धरू नकोस तू." खिंडीच्या अलीकडचं ते वळण आलं. खड्डा मधे बुजवला होता, पावसानं परत उघडा केलाय. गेल्या वर्षी जेवढ्या वेगानं गेलो होतो तेवढ्याच वेगानं गाडी घातली. गाडी खाली गेली, वर आली, एकदाच. मागं आवाज नाही. ती म्हणाली, "पाटावर दोन थेंब पडलेत फक्त."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तोंड पुढंच ठेवलं, मागं वळून सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, "गेल्या वर्षी तुझा हात हलला नव्हता. इथंच, याच खड्ड्यात तडा गेला, माझ्या स्प्रिंगांमुळं. मला त्याच संध्याकाळी दिसलं होतं. करंगळी मी चिकटवली."

एक ट्रक वर गेला, मग एक एसटी खाली आली. पाण्याचा ओहोळ रस्त्याच्या कडेनं वाहत होता, तेवढाच आवाज. मग ती म्हणाली, "म्हणजे पहिल्या चतुर्थीपासून माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"तुमच्या पानात मीठ मी वाढत होते."

"हो."

"मागितलंत पण एकदा. कमी पडलं म्हणून."

ते मला आठवत नव्हतं. पण खरं असणार, ती खोटं बोलत नाही. मी गाडी सुरू केली आणि पेण गाठलं. कारखान्यात ओळीनं कच्च्या मूर्ती मांडलेल्या, माती अजून ओली, डोळे कुणालाच नाहीत. तिनं तांब्या बाजूला ठेवला आणि पाट स्वतः मूर्तिकाराच्या हातात दिला. म्हणाली, "यंदा हात जरा जाड करा." मूर्तिकार हसला, "वहिनी, हात जाड केला तर देव आखाड्यातला दिसेल. साहेबांना सांगा, गाडी हळू चालवा." ती म्हणाली, "गाडी नीट केलीय त्यांनी." एवढंच. मी बाहेर येऊन उगाच टायरमधली हवा बघत बसलो, कारण डोळे भरले होते. येताना, वडखळच्या पुढं, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या अकरा झाल्या. बारावी तुमची."

आज ती बारावी. श्रावणातली संकष्टी, दुपारचे दोन वाजलेत, कंपनीत रजा टाकलीय. तिनं तिच्या साबुदाण्यात मीठ घातलं, माझा आधी बाजूला काढून ठेवला होता. समोर बसून खाल्ला तिनं, चवीनं, मुद्दाम हळूहळू. मी माझा गिळला. तू डोक्यावरून वाहिलेलं मीठ किती गावांनी खाल्लं असेल, त्याचा मी कधी विचार केला नव्हता. एक दिवस तोंडात नाही तर घास फिरतो नुसता.

गणपती यायला अजून पंधरा दिवस आहेत. तो अखंड येईल की नाही मला माहीत नाही, रस्ता रस्ताच आहे. पाट पेणला गेला, माळ्यावर त्याची जागा रिकामी आहे, हा कागद तिथं ठेवून देईन. आणखी एक राहिलं. ती दोन थेंब म्हणाली, पण तिनं पाट उचलताना मी बघितलं, त्याची एक कड पुरती ओली होती. तुझ्यासारखं मला अजून जमलेलं नाही.

पण सांडलं होतं, आये, आणि मी तिला सांगितलं.